लेकीच्या पैशाने स्पा हॉटेलात जायचं की नाही?

पत्र:

ताई, नमस्कार. मी ठाण्यात नौपाड्यात राहते, वय ६१, बँकेतून रिटायर झाले. मुलगी आणि जावई इंग्लंडला रेडिंगला असतात, मे महिन्यात आम्ही दोघं त्यांच्याकडे जाणार आहोत, व्हिसा झाला, तिकिटं झाली. आता आमच्या लग्नाच्या ३५व्या वाढदिवसासाठी तिने बाथ नावाच्या गावात अगदी जुन्या शहराच्या मधोमध एका मोठ्या स्पा हॉटेलात दोन रात्रींचं बुकिंग केलंय, फक्त आम्हा दोघांचं. किंमत सांगितली नव्हती पण फॉरवर्ड केलेल्या मेलमध्ये खाली राहून गेली आणि ह्यांनी ती रुपयात करून बघितली, सत्तर हजाराच्या घरात जाते, तेव्हापासून घरात शांतता नाहीये. हे म्हणतात गरम पाण्यात बसायला एवढे पैसे? त्यापेक्षा वज्रेश्वरीला जाऊ, फुकट आहे. तिला सांग कॅन्सल कर, असं रोज चाललंय. ह्यांना बीपी आणि शुगर दोन्ही आहे, तिथे काही झालं तर काय करायचं हे म्हणतात, तेही खरंच आहे. शिवाय तिथे म्हणे स्विमिंग कॉस्च्युम घालावाच लागतो आणि बायका-पुरुष एकाच पाण्यात. मी आयुष्यात कधी घातलेला नाही. अनोळखी माणसाकडून मसाज म्हणजे पण कसंतरीच वाटतं. मी नॉनव्हेज खात नाही, ह्यांची संकष्टी असते. मुलीला नाही म्हटलं तर तिला वाईट वाटेल, हो म्हटलं तर हे दोन दिवस तोंड पाडून बसतील. तसं मनातून मला जायचंय. काय करू?

संकोचलेली, नौपाडा

उत्तर:

काकू, पत्र तीनदा वाचलं. त्यात काका काय म्हणतात ते भरभरून आहे, मुलीला काय वाटेल ते आहे, आणि तुम्हाला काय हवंय ते अगदी तळाला चार शब्दांत, तेही "तसं" लावून. म्हणजे जायचंय. मग जायचं. आता काकांचं आणि कपड्यांचं काय करायचं एवढंच उरतं, आणि खरं सांगू का, कपड्यांचं सोपं आहे.

आधी वज्रेश्वरी. काका चुकीचं बोलत नाहीयेत हं. पावसाचं पाणी जमिनीत खोल मुरतं, पोटातल्या उष्णतेने तापतं आणि भेगांतून परत वर येतं, हे तानसा नदीकाठी पण तसंच आणि बाथला पण तसंच. आमची आजी आम्हाला न्यायची, ठाण्याहून भिवंडी आणि तिथून पुढे दुसरी एसटी, चिमाजी अप्पांनी वसई घेण्याआधी देवीला नवस केला होता ती गोष्ट दरवेळी नव्याने सांगायची, मग देवळाच्या पायऱ्या आणि शेवटी अकलोलीची कुंडं. मला त्या गंधकाच्या वासाने मळमळायचं आणि आजी मात्र नऊवारीचा काष्टा जरा वर खोचून कुंडाच्या पायरीवर बसायची, पाय गुडघ्यापर्यंत पाण्यात, डोळे मिटलेले, आणि शेजारी परगावचा कोणी अनोळखी बाप्या उघडाबंब, पंचा लावून त्याच पाण्यात. तिला त्याचं काहीही वाटायचं नाही. हे लक्षात ठेवा, मला पुढे लागणारे.

तर काकांशी भांडू नका, फक्त एवढं विचारा की वज्रेश्वरीला आपण शेवटचं कधी गेलो होतो. ३५ वर्षात किती वेळा गेलो. दीड-दोन तासाचा तर रस्ता. मला उत्तराची कल्पना आहे म्हणून सांगतेय. फुकट गोष्टीचं तेच होतं, कधीही जाता येतं म्हणून जाणंच होत नाही. इथे तारीख ठरलीये, पैसे भरलेत.

आणि पैसे भरलेत त्यावरून, कॅन्सलची भाषा करायच्या आधी तो कन्फर्मेशन मेल पूर्ण वाचा, काकांनी नुसता आकडा वाचलेला दिसतोय. स्वस्त दराचं आगाऊ बुकिंग असेल तर बहुतेक वेळा एक पैसा परत मिळत नाही. तसं असेल तर काकांच्या हिशोबाने सुद्धा न जाणं हाच सगळ्यात महाग पर्याय झाला, सत्तर हजार पण गेले आणि हॉटेल पण गेलं. बँकेत होतात तुम्ही, हे त्यांना माझ्यापेक्षा चांगलं समजावाल.

पण काकू, मला नाही वाटत काकांचा प्रॉब्लेम सत्तर हजार आहे. मुलीच्या घरी पाणी सुद्धा पिऊ नये म्हणणाऱ्या पिढीच्या हाताखाली वाढलेली माणसं ही, त्यांनी आयुष्यभर मुलीला द्यायचं असतं, आणि इथे मुलगी आणि जावई त्यांना हॉटेलात पाठवतायत, बिल भरून. जावयाच्या पैशावर झोपायचं हे टोचतंय आणि ते असं सरळ बोलता येत नाही म्हणून वज्रेश्वरी मध्ये आलीये. माझ्या वडिलांचं डिट्टो हेच होतं, भावाने पाठवलेली वस्तू बिनबोभाट वापरायचे आणि मी दिलेलं स्वेटर कपाटात. म्हणून त्यांना खर्चाचा एक भाग देऊन टाका. दुसऱ्या रात्रीचं जेवण काकांकडून, आणि रोमन बाथ्सची, म्हणजे रोमन लोकांनी बांधलेल्या तिथल्या जुन्या स्नानगृहाची, तिकिटं काकांनी काढायची, ऑनलाइन, वेळेचा स्लॉट बघून, इथूनच. जावई येणार असेल रेडिंगहून सोडायला तर त्याला पण काकांनी जेवू घालावं. स्वतःचा हात खिशात गेला की माणसाची मान जरा सरळ होते. आणि मुलीला आज फोन करा, काकांबद्दल काही सांगू नका, फक्त सांगा की बाबांना बीपी आहे तर हॉटेलला आधी मेल करून ठेव. ती करेल. तिला पण बरं वाटेल की आई नाही म्हणत नाहीये.

बीपी-शुगरचं मात्र काका हसण्यावारी नेऊ देणार नाहीत आणि नेऊ पण नये. गरम पाण्यात बसलं की रक्तवाहिन्या पसरतात आणि बीपी खाली येतं, त्यात गोळी चालू असेल तर अजून खाली, मग माणूस झटकन उठला की डोळ्यासमोर अंधारी. पडतात लोक ते पाण्यात बसल्याने नाही, पाण्यातून उठल्याने. म्हणून एका वेळी दहा-पंधरा मिनिटं, बाहेर येताना कठडा धरून सावकाश, बाहेर दोन मिनिटं बसायचं, पाणी प्यायचं. सॉना आणि स्टीम काकांनी डॉक्टरने स्पष्ट हो म्हटल्याशिवाय करू नये. शुगरमध्ये दोन गोष्टी असतात, एक म्हणजे पायाची संवेदना कमी झालेली असेल तर पाणी किती गरम आहे ते पायाला कळतच नाही, हाताने बघून मग पाय टाकायचा, आणि इन्सुलिन घेत असतील तर उष्णतेने ते पटकन शोषलं जातं म्हणजे शुगर एकदम खाली जाऊ शकते, त्यामुळे उपाशीपोटी पाण्यात उतरायचं नाही आणि जवळ साखर किंवा खाऊची गोळी काहीतरी हवं. पायाला जखम असेल तर पाण्यात अजिबात नाही. निघायच्या आधी तुमच्या डॉक्टरांना हे सगळं एकदा विचारा आणि ट्रॅव्हल इन्शुरन्सच्या फॉर्मवर बीपी आणि शुगर दोन्ही लिहा, लपवलं तर क्लेम अडकतो. स्पावाले पण तब्येतीचा फॉर्म भरून घेतात, तिथेही खरं लिहायचं.

आता बाथ. मी एकदा भावाकडे गेले होते तेव्हा एक दिवसात बघून आले, राहिले नाही, आणि त्याचीच चुटपुट आहे म्हणून तुम्हाला एवढ्या जोरात पाठवतेय. रेडिंगहून सरळ गाडी आहे, साधारण एक तास. स्टेशनचं नावच बाथ स्पा, १८४० साली सुरू झालेलं, आपल्या ठाण्याला बोरीबंदरहून गाडी आली त्याच्या तेरा वर्षं आधी, काकांना हे सांगा, रेल्वेचा विषय निघाला की ठाणेकर नरम पडतो. गाव म्हणजे डोंगरांच्या वाटीत बसलेलं, सगळ्या इमारती एकाच मधासारख्या रंगाच्या दगडाच्या, आणि हॉटेल मध्यभागी असल्याचा फायदा हा की बघायचं ते बरंचसं पायी दहा मिनिटांत. दुपारी जरा आडवं व्हायला खोलीवर येता येतं, हे आपल्या वयात फार मोठं सुख आहे, पैसे त्याचेच असतात. रॉयल क्रिसेंट तेवढं चढावर आहे, गुडघ्यांचा विचार करून टॅक्सीने वर जा आणि उतरत चालत या. ती चंद्रकोरीच्या आकारातली ३० घरं आहेत सलग, १७६७ ते १७७४ मध्ये बांधलेली, समोरून एकदम एकसारखी. पण मागून बघा, मागून प्रत्येकाने आपापल्या मनाने बांधलंय, कोणाचं पुढे आलेलं कोणाचं आत गेलेलं, कारण दर्शनी भाग तेवढा आर्किटेक्टचा आणि मागचं घर ज्याचं त्याचं. आमच्या सोसायटीचं रीडेव्हलपमेंट चाललंय, मिटिंगला मी हेच उदाहरण दिलं, कोणी हसलं नाही.

रोमन बाथ्समध्ये हिरव्यागार पाण्याचं मोठं टाकं दिसेल, गारठा असेल तर वाफा निघत असतात, चहूबाजूंनी खांब, आणि पायाखालचे दगड रोमन काळापासूनच्या पावलांनी खळगे पडलेले. बुटाचा तळ त्या खळग्यात बसतो तेव्हा अंगावर काटा येतो. इसवी सन ७० च्या आसपास रोमन लोकांनी इथे बांधकाम सुरू केलं. पाणी ४६ डिग्रीचं, रोज ११,७०,००० लिटर वर येतं, बंद नाही होत. पण त्यात हात घालायचा नाही हं, काकांना आधीच सांगून ठेवा, नाहीतर तीर्थ समजून डोळ्याला लावतील. १९७८ साली त्या पाण्यातल्या अमिबामुळे एका मुलीचा जीव गेला आणि तिथे आंघोळ कायमची बंद झाली. हिरवा रंग शेवाळाचा, रोमनांच्या वेळी वर छप्पर होतं म्हणून तेव्हा नसायचा. आंघोळीचं पाणी आता वेगळ्या बोअरमधून घेतात आणि शुद्ध करून पूलमध्ये सोडतात, त्याची भीती नको. शेजारच्या पंप रूम नावाच्या दालनात झऱ्याचं शुद्ध केलेलं पाणी पेल्यातून प्यायला मिळतं, ४३ खनिजं आहेत म्हणतात, मला तर कोमट पाण्यात लोखंडी खिळा बुडवून ठेवल्यासारखं लागलं. एक घोट पुरे.

एक मात्र विचारून घ्या, बाथमधल्या प्रत्येक स्पा हॉटेलात ते झऱ्याचं पाणी येतंच असं नाही, बऱ्याच ठिकाणी नुसता गरम केलेला पूल असतो. गेन्सबरो नावाचं आहे त्यात येतं. ते हॉटेल उघडलं २०१५ मध्ये, पण त्याआधी २००७ साली त्या जागेवर खणताना रोमन चांदीची नाणी सापडली, १७,५७७, आठ पिशव्यांत भरलेली, पिशव्या कुजून गेल्या आणि नाणी एकमेकांना चिकटून पिशवीच्याच आकारात राहिली. रोमन बाथ्सच्या म्युझियममध्ये ठेवलीयेत, तुम्ही कॅश काउंटरवर बसला असाल तर तिथे हमखास पाच मिनिटं जास्त उभ्या राहाल. तुमच्या हॉटेलात झऱ्याचं पाणी नसेल तर थर्मी बाथ स्पा म्हणून सार्वजनिक जागा आहे, २००६ पासूनची, तिचा पूल थेट गच्चीवर, गरम पाण्यात बसून खाली जुनं गाव दिसतं, संध्याकाळी जावं.

मसाजचं. बाई हवी म्हणून बुकिंग करतानाच सांगायचं, तिथे कोणी भुवया उंचावत नाही. अंगावर कायम टॉवेल असतो, जो भाग चालू आहे तेवढाच उघडा, आणि नुसतं मान-खांदे किंवा पाय असंही घेता येतं, कपडे सगळे काढायलाच पाहिजेत असं अजिबात नाही. जोर जास्त झाला तर तिथल्या तिथे बोलायचं, आपण बायका दात ओठ खाऊन पडून राहतो आणि बाहेर येऊन छान होतं म्हणतो. मी पहिल्यांदा एका स्पात गेले, कुठल्या ते जाऊ दे, तिथे त्या बाईने मला एक पारदर्शक पुडी हातात दिली आणि बाहेर गेली. आत पांढरा कागदी चुण्याचुण्यांचा प्रकार, इलॅस्टिकवाला. मला वाटलं तेल केसाला लागू नये म्हणून टोपी आहे. घातली डोक्यात, नीट कानावरून ओढून. ती बाई आत आली, माझ्याकडे बघितलं आणि भिंतीकडे तोंड करून उभी राहिली दोन मिनिटं, खांदे हलत होते. ती घालायची चड्डी होती काकू. तर तुमचं याहून वाईट काही होणार नाही.

खाण्याची एवढी काळजी कशाला. इंग्लंडमध्ये शाकाहाराला आता कोणी दचकत नाही, सकाळी नाश्त्याला टोस्ट, मशरूम, टोमॅटो, बीन्स, लापशी सगळं असतं, फक्त मांसाच्या पळीनेच वाढतायत का ते बघून घ्या. संकष्टी त्या दोन दिवसांत येतेय का ते आधी कॅलेंडरमध्ये बघा, आलीच तर सालासकट भाजलेला बटाटा लोणी लावून मिळतो, उपासाला ह्याहून काय हवं, फक्त मे महिन्यात तिथे अंधारच नऊ वाजता पडतो तर चंद्राची वाट बघत काका किती चिडतील ते मी सांगत नाही. नळाचं पाणी पिण्याचं असतं, बाटल्या घेऊ नका. मिनिबारला हात लावू नका. दुपारचं जेवण बाहेर. टिप द्यायचीच असं नाही, हॉटेलच्या बिलात बऱ्याचदा सर्व्हिस चार्ज आधीच लावलेला असतो, बिल वाचा. आणि तिथे असताना पौंडाला शंभरने गुणायचं नाही, हा नियम काकांना नाही तुम्हाला, कारण काका मोठ्याने गुणतात आणि तुम्ही मनात.

उरला कॉस्च्युम. तर आजी आठवा, कुंडाच्या पायरीवर. लाज अंगाची नसते हो, ओळखीच्या डोळ्यांची असते, नौपाड्यात कोणीतरी बघेल ह्याची. तिथे तुम्हाला बघायला कोणीही नाहीये, आणि तिथल्या सत्तर-पंचाहत्तरच्या आज्या पोट सुटलेलं, मांड्या लोंबणाऱ्या, बिनधास्त टू-पीस घालून गप्पा मारत बसतात, तुमच्याकडे ढुंकून बघणार नाहीत. गोऱ्या लोकांनी या पाण्यात बसून कपड्यांची काळजी करायची ती रोमन काळातच करून घेतलीये, म्युझियममध्ये शिशाच्या पातळ पत्र्यांवर लिहिलेले शाप आहेत, लोकांनी देवीच्या झऱ्यात टाकलेले, त्यातले बरेचसे आंघोळीला गेलेलो असताना माझा झगा चोरला, चोराचं वाटोळं कर, अशा अर्थाचे. एकाने तर चोराला झोप येऊ देऊ नकोस म्हणून देवीला साकडं घातलंय.

गुडघ्यापर्यंत पाय आणि अर्धी बाही असलेला, फ्रॉकसारखा कॉस्च्युम मिळतो, आपल्याकडे तरणतलावावर बायका घालतात तोच. कापड नायलॉन-लायक्राचं हवं, कॉटनचे कपडे पाण्यात चालत नाहीत. पूर्ण पायाचा हवा असेल तर मुलीला हॉटेलला विचारायला सांगा. गडद रंग घ्या. खोलीतून पूलपर्यंत अंगावर जाड झगा असतो, स्पावालेच देतात, पायात सपाता, म्हणजे उघडं असं तुम्ही फक्त काठ ते पाणी एवढ्या चार पावलांत असता. पाहुण्यांसाठी सकाळी लवकरची वेळ असते का तेही विचारून घ्या, त्यावेळी गर्दी नसते. मंगळसूत्र, पाटल्या खोलीतल्या तिजोरीत, गरम पाण्यात बोटं सुजतात आणि अंगठी अडकते. आणि पहिल्यांदा तिथे जाऊन घालू नका, घरीच बेडरूमचं दार लावून एकदा घाला, आरशात बघा, हसून घ्या, तसंच अर्धा तास घरात वावरा, काका पेपर वाचत असतील तर त्यांच्यासमोरून दोनदा जा.

काकांची ती चट्ट्यापट्ट्याची हाफ पँट पण चालणार नाही बरं का, त्यांच्यासाठी पण पोहायचीच घ्या. गोखले रोडला जाल तेव्हा त्यांना न सांगता त्यांची एक पँट पिशवीत टाकून न्या आणि तिच्यावरून माप द्या, विचारलंत तर दोन इंच कमी सांगतील.